तेलाचा पंप

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राख सावडायला पंचगंगेवर गेलो. तिथला माणूस राख हातानं बाजूला करत होता. मध्येच तो थांबला. त्यानं राखेतून एक वस्तू काढली, बादलीत बुडवली, फडक्यानं पुसली आणि माझ्यापुढं धरली.

"काका, हे लोखंड कसलं?"

"लोखंड नाही ते," मी म्हणालो. "गुडघा आहे. आण इकडं."

दोन तुकडे होते. वरचा वाकडा, घोड्याच्या नालासारखा, आणि खालची एक बशी, तिला बोटभर खुंट. मधला प्लास्टिकचा भाग जळून गेला होता. धातूवर थोडी निळी झाक आली होती, बाकी काही नाही. मी चाळीस वर्षं लेथवर काढली. माझा अंगठा आपोआप त्याच्या कडेवरून फिरला. कुठं खरबरीत नाही, कुठं रेघ नाही.

माझी मुलगी छाया शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आप्पा, नको ते. राहू दे इथंच."

"इथं कसा राहू दे? तुझ्या आईचा आहे."

इस्माईल मुजावर माझ्या मागं उभा होता. आमची दोस्ती पन्नास वर्षांची. उद्यमनगरात माझं लेथचं दुकान होतं, त्याच्या समोर त्याचं गाड्यांच्या पार्टचं. मी गुडघा त्याला दाखवला. म्हणालो, "बघ इस्माईल. अमेरिकन माल. आगीतसुद्धा काही झालं नाही."

इस्माईल माझ्याकडं बघत राहिला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण मग त्यानं टोपी सारखी केली आणि नदीकडं बघायला लागला. मला वाटलं, त्याला रडू आवरत नाही.

मी गुडघा रुमालात बांधून खिशात ठेवला. राख आम्ही नदीत सोडली नाही. माझ्या बायकोच्या, मालनच्या माहेरी, धामणी नदीच्या काठाला, तिच्या भावाच्या शेतात नेली आणि तिथं आंब्याचं रोप लावलं. गुडघा मात्र माझ्या खिशातच राहिला. तो कुठं ठेवायचा ते मला कळत नव्हतं.

याला आता नऊ वर्षं झाली.

माझ्याकडं बेचाळीस सालची हार्ले मोटारसायकल आहे. लढाईत अमेरिकन लष्करासाठी केलेली. गिअर हाताला, क्लच पायाला. लढाई संपल्यावर अशा पुष्कळ गाड्या इथंच राहिल्या. ही मला एका गुऱ्हाळात मिळाली. गुऱ्हाळवाल्यानं चाकं काढून ठेवली होती आणि इंजिनाला पट्टा लावून तो उसाचा चरक फिरवत होता. आमच्या लग्नाला तेव्हा एक वर्ष झालं होतं. ती पुन्हा गाडी व्हायला मला सहा वर्षं लागली. त्या काळात भंगारात असे पार्ट मिळायचे. मी पुणे, देवळाली, नगर, जिथं लष्कराचं भंगार निघतं तिथं जायचो. एक एक नट शोधून आणला. गाडीवर अमेरिकेत ज्या वस्तू बसल्या त्याच बसवायच्या, दुसरं काही नाही, असा माझा नेम होता.

दरवर्षी चैत्रात मालनच्या माहेरी म्हाई, म्हणजे देवीची जत्रा असायची. देवीला बकरं, घरोघर पाहुणे, चुलीवर मोठाले हंडे. आम्ही गाडीवरनं जायचो. मालन मागं बसायची, एका हातानं माझा खांदा धरून, दुसऱ्या हातानं डोईवरचा पदर धरून. गावात शिरलं की पारावर गुंडातात्या बसलेले असायचे. मालनच्या वडलांचे मित्र. त्यांचा दरवर्षी एकच सवाल असायचा.

"जावईबापू, गाडी वरिजनल न्हवं?"

"शंभर टक्के, तात्या."

तात्या मान हलवायचे आणि मालन मागं हसायची. असं तीस वर्षं चाललं.

पुढं मालनचा उजवा गुडघा गेला. दोन वर्षं तिला गाडीवर पाय टाकता येईना. मग डॉक्टर म्हणाले, बदलून टाकू. मी डॉक्टरांना म्हणालो, "साहेब, कुठलाही बसवू नका. अमेरिकन बसवा. ओरिजिनल." डॉक्टर हसले. मालन कॉटवरनं म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ह्यांचं ऐकू नगा, नायतर मला भंगारातनं आणून बसवतील."

ऑपरेशन चांगलं झालं. तीन महिन्यांत ती जिना चढायला लागली. मी येईल त्याला सांगायचो, "अमेरिकन गुडघा आहे. बघा कशी चालते." ती पदराला हात पुसत आत जायची.

म्हाईला जायचं म्हणून मी गाडी उघडली. आणि बघतो तर तेलाच्या पंपातलं गिअर झिजून गेलेलं. दाते राहिले नव्हते. सत्तर वर्षं चाललेली वस्तू, कधीतरी जाणारच. पण तेल फिरलं नाही तर दहा मैलांत इंजिन धरणार, जागीच जाम होणार. छायानं कॉम्प्युटरवरनं अमेरिकेतल्या एका माणसाला पत्र पाठवलं. त्याच्याकडं जुना माल असतो असं कळलं होतं. उत्तर आलं, बघतो, थोडं थांबा.

आम्ही थांबलो. त्या वर्षी म्हाईला एसटीनं गेलो. गुंडातात्यांनी विचारलं, "गाडी कुठाय?" मी म्हणालो, "पार्ट यायचाय, अमेरिकेतनं." दुसऱ्या वर्षीही एसटीनंच. परत येताना मालन खिडकीजवळ बसली होती. म्हणाली, "आता हे शेवटचं. पुढच्या वर्षी मी एसटीत चढणार न्हाई."

"मग कशी येणार?"

"गाडीवरनं. न्हायतर येणारच न्हाई."

"येईल पार्ट," मी म्हणालो. "पुढच्या म्हाईला गाडीवरनं. शब्द."

त्यानंतर महिन्याभरानं एका दुपारी इस्माईल घरी आला. हात पाठीमागं होते.

"मेस्त्री, डोळं झाक."

"कशाला?"

"झाक म्हणतोय तर झाक की."

मी झाकले नाहीत. त्यानं टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं. आत तेलाचा पंप. नवा कोरा, तेलकट कागदात गुंडाळलेला. आमच्या गाडीचाच नमुना. मी खोकं उलटं करून बघितलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात मेड इन तैवान.

"घेऊन जा," मी म्हणालो.

"अरे बघ तर खरं. मुंबईत एकाकडनं मागवला. जगात ह्या गाड्या आता ह्याच पंपावर..."

"इस्माईल, घेऊन जा. अमेरिकन गाडीला तैवानचा पंप मी लावणार नाही."

मालन चहा घेऊन आली होती. तिनं कप ठेवले आणि ट्रे कमरेला लावून उभी राहिली.

"इस्माईलभाई, ह्यांना एक विचारा. आयुष्यभर लेथवर ह्यांनी काय केलं?"

इस्माईल म्हणाला, "काय केलं वहिनी?"

"जर्मनीच्या मशीनला बुश. इंग्लंडच्या इंजिनाला शाफ्ट. जपानच्या कशाला काय. सगळं ह्यांच्या हातचं. त्याला डुप्लिकेट म्हणत्यात न्हवं? लोकांच्या मशीनला ते चालतंय. आन् ह्यांच्या गाडीला चालत न्हाई."

"ते पोटासाठी केलं," मी म्हणालो.

"मग हे कशासाठी?"

मी खोकं बंद केलं. ती इस्माईलकडं वळली. "तसं बघितलं तर मी तरी कुठं वरिजनल हाय त्या गाडीला. अमेरिकेनं गाडीसंगं बायकू धाडली न्हवती."

इस्माईलच्या हातातला चहा बशीत सांडला. मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं. म्हणालो, "अमेरिकन ते अमेरिकन. तुझ्या गुडघ्याकडंच बघ. तिथं तैवानचा बसवला असता तर अशी चालली असतीस का?"

मालननं इस्माईलकडं बघितलं. इस्माईल बशीत सांडलेला चहा पीत होता.

"न्हाई बाई," मालन म्हणाली. "कशी चालली असते."

इस्माईल खोकं घेऊन उठला. मालन त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. तिथं दोघं बराच वेळ बोलत उभी होती. मी तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही.

दिवाळी झाली. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालन अंगणात रांगोळीचा डबा हातात घेऊन बसली होती, ती बसल्या जागी कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिच्या हृदयाबद्दल तोवर आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं. आमचं सगळं लक्ष गुडघ्यावर.

पौषात अमेरिकेतून उत्तर आलं. छायानं ते मला वाचून, मराठीत करून सांगितलं. त्या माणसानं लिहिलं होतं, "मी तुम्हाला ताटकळत ठेवलं याबद्दल माफी मागतो. कुठंतरी एखादा मिळेल अशी आशा होती. पण जुना ओरिजिनल पंप आता कुठंच राहिलेला नाही. जे आहेत ते सगळे झिजलेले. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. माझ्याकडं तुमच्यासारखीच गाडी आहे. तिला तैवानचा पंप आहे आणि ती उत्तम चालते. इथं आम्ही सगळे तोच लावतो. हवा असेल तर कळवा."

"काय कळवू, आप्पा?" छायानं विचारलं.

"काही नको."

मी उठून शेडमध्ये गेलो. गाडी ताडपत्रीखाली होती. इंजिन उघडं होतं आणि पंपाच्या जागी मी फडकं कोंबून ठेवलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून. दोन वर्षं मी जगात नसलेल्या वस्तूची वाट बघितली होती. आणि मालननं माझी.

पुण्याचा एक गाड्या जमवणारा माणूस बरीच वर्षं माझ्या मागं होता. मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "पंप नसला तरी काही बिघडत नाही. मला कुठं चालवायची आहे? काचेच्या खोलीत ठेवणार. तुम्ही बाहेरचं काही लावलेलं नाही ना?"

"नाही."

"उत्तम. रविवारी टेम्पो घेऊन येतो. कागद काढून ठेवा."

कागद मालनकडं असायचे. घरातले सगळे कागद तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत. ती गेल्यापासून मी ती ट्रंक उघडली नव्हती. शनिवारी दुपारी उघडली. वर छायाच्या लग्नाचा शालू. त्याखाली विम्याचे कागद, घरफाळ्याच्या पावत्या, दवाखान्याची फाईल. त्याखाली गाडीचं पुस्तक. आणि सगळ्यांच्या तळाला, हिरव्या खणात बांधलेलं काहीतरी जड.

मी गाठ सोडली. इस्माईलचं खोकं होतं.

मी खोकं उलटं केलं. कोपऱ्यात तेच बारीक अक्षरांतलं मेड इन तैवान. पण आता त्याच्या शेजारी आणखी एक कागदाची पट्टी चिकटवलेली होती. पांढरी, छापील, काळ्या उभ्या रेघांची. ती नीट बसावी म्हणून तिच्यावरून अंगठा दाबून फिरवलेला दिसत होता, अंगठ्याला हळद असणार, कारण एका कडेला पिवळा डाग होता.

मला इंग्रजी पुस्तक वाचता येत नाही, पण ड्रॉइंगवरची अक्षरं, आकडे, मापं मी जन्मभर वाचली. पट्टीवर इंग्रजीत नी, म्हणजे गुडघा असं लिहिलं होतं. उजवा असं लिहिलं होतं. एक माप होतं, एक नंबर, म्हणजे सगळ्यांत लहान. आणि खाली मेड इन तैवान.

मी दवाखान्याची फाईल उघडली. ऑपरेशनच्या कागदावर तशाच तीन पट्ट्या एकाखाली एक लावलेल्या होत्या. चौथ्या पट्टीची जागा रिकामी होती.

मी खोकं मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिलो. मग चपला न घालता इस्माईलच्या दुकानात गेलो.

त्यानं माझ्या हातातलं खोकं बघितलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "नंतर ये रे." मग मला स्टूल दिलं.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"होतं."

"कधीपासनं?"

"त्या दिवशी फाटकात वहिनींनी सांगितलं. ऑपरेशनच्या आधी तू दवाखान्यात औषधं आणायला खाली गेला होतास. डॉक्टर वहिनींना म्हणाले, बाई, तुमच्या हाडाच्या मापात बसणारा अमेरिकन नाही. हा तैवानचा बरोबर बसतोय. चालेल का? वहिनी म्हणाल्या, मापात बसतोय तर घाला. फक्त आमच्या मेस्त्रींना सांगू नका, ते मला पोतं शिवल्यासारखं परत उसवायला लावतील."

मी खोकं काउंटरवर ठेवलं.

"खोकं त्यांनी माझ्याकडनं परत घेतलं. म्हणाल्या, राहू दे माझ्याजवळ. म्हाईच्या आठ दिवस आधी त्यांच्या पुढ्यात ठेवीन. त्याच्या आत त्यांनी आपल्या तोंडानं मागितलं तर लगेच देईन. मी म्हणालो, वहिनी, तो मागणार नाही. तर म्हणाल्या, मागतील. त्यांना थोडं उशिरा कळतं एवढंच."

"स्मशानात का बोलला नाहीस?"

"तिथं काय बोलू? तू म्हणालास अमेरिकन, मी म्हटलं असू दे." त्यानं डोळे पुसले. "मेस्त्री, मला वाटलं ते खोकं तुला सापडलं असेल आणि तू फेकून दिलं असशील."

दुकानातूनच मी पुण्याच्या माणसाला फोन लावला. म्हणालो, गाडी द्यायची नाही. तो चिडला. म्हणाला, मी टेम्पो सांगितलाय. मी म्हणालो, "तुम्हाला चालणारही नाही. तिला बाहेरचा पंप बसणार आहे."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी पंप लावून बघितला. पंपाची जी बाजू इंजिनाला टेकते तिला निळा रंग फासला, पंप दाबला, काढला. तीन कोपऱ्यांना निळा उमटला, चौथ्याला नाही. कोपरा टेकतच नव्हता. असाच लावला असता तर तेल गळलं असतं.

इस्माईल स्टुलावर बसला होता. मी म्हणालो, "बघ. हे असं असतं तैवानचं."

"मेस्त्री," तो म्हणाला, "वहिनींच्या पायाला डॉक्टरनं तो सरळ आणून चिकटवला होता होय? हाड तासलं, जागा केली, तेव्हा बसला. तू काय करतोस आयुष्यभर? दुसऱ्याची वस्तू तिसऱ्याच्या मशीनला बसवून देतोस. मग बसव की."

मी जाड काचेचा तुकडा काढला. त्यावर तेल आणि बारीक एमरीची पूड टाकली आणि पंपाची ती बाजू काचेवर आठाच्या आकड्यासारखी फिरवत घासायला लागलो. हे काम लेथवर होत नाही. हातानंच करायचं, आणि दाब सगळीकडं सारखा पाहिजे. शंभर वेळा फिरवायचं, पुसायचं, निळा लावायचा, बघायचं. पुन्हा शंभर वेळा. मालन गेल्यानंतर माझ्या हातांना पहिल्यांदा काम मिळालं. मी घाई केली नाही. रोज सकाळी दोन तास. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी काम करताना तिच्याशी बोलतोय. मोठ्यानं नाही. आज तिसरा कोपरा उतरला, असं काहीबाही.

सतराव्या दिवशी चारी कोपऱ्यांना निळा सारखा उमटला.

पंप बसवला. तेल भरलं. किक मारली. पहिल्यांदा नुसतं फुस्स. दुसऱ्यांदा एक ठोका. तिसऱ्यांदा गाडी लागली, आणि शेडच्या पत्र्यावर बसलेली सगळी कबुतरं उडाली. मी तेलाच्या टाकीचं झाकण काढून आत बघितलं. पंप चालत असेल तर इंजिनातून फिरून आलेलं तेल तिथं परत येताना दिसतं. आधी काही नाही. इस्माईल माझ्या खांद्यावरून वाकला होता. मग एक थेंब आला. मग दुसरा. मग बारीक धार लागली, ठोक्याबरोबर थरथरणारी.

"आलं," इस्माईल म्हणाला.

"आलं," मी म्हणालो.

म्हाईच्या आदल्या दिवशी छाया आली. मी पिशवी भरताना बघून म्हणाली, "आप्पा, वर्षाच्या आत जत्रेला कोण जातं? लोक काय म्हणतील?"

"जेवायला नाही जात."

"मग?"

"शब्द दिलाय."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग शेडमधल्या गाडीकडं बघितलं. सकाळी निघताना तिनंच मागची सीट फडक्यानं पुसली. गाडीच्या बाजूला चामड्याची हत्यारांची पिशवी आहे. मी तिच्यात पाने, प्लग आणि हिरव्या खणात बांधलेला गुडघा ठेवला. तो आंब्याच्या रोपाशी पुरायचा, तिच्या राखेबरोबर, असं मी ठरवलं होतं.

वाटेतल्या कळे गावापर्यंत मी दर पाच मैलांवर थांबलो. झाकण काढायचं, तेल बघायचं, पुढं जायचं. कळ्याच्या पुढं थांबलो नाही. दोन्ही बाजूंना ऊस तुटून मोकळी झालेली रानं होती आणि वारा अंगावर येत होता. वळणावर सवयीनं मी अंग थोडं डावीकडं टाकलं. मालन मागं असली की तसं करायला लागायचं, तिचा भार उजवीकडं असायचा. एकट्याला गरज नव्हती. तरी पुढच्या वळणावरही तसंच केलं.

गावात शिरलो. पारावर गुंडातात्या होते. नव्वदी ओलांडलेली, डोळ्यांना कमी दिसत होतं, पण आवाज ओळखून ते काठी टेकत उठले. मालनचा भाऊ हिंदुराव पळत आला. माझ्याकडं बघून त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "दाजी," एवढंच म्हणाला आणि हँडल धरून उभा राहिला.

तात्या गाडीजवळ आले. रिकाम्या सीटवर त्यांनी हात ठेवला.

"मालीचं कळलं," ते म्हणाले.

"व्हय तात्या."

गाडी चालूच होती. मग तात्यांनी टाकीवर हात ठेवला आणि विचारलं, "गाडी वरिजनल न्हवं?"

मी म्हणालो, "न्हाई तात्या. तेलाचा पंप तैवानचा हाय."

तात्यांनी मान वर केली. "ते कुठं आलं?"

"लांब. चीनच्या पलीकडं, समुद्रात."

"आन् चालतोय?"

"इथवर आलो न्हवं."

तात्यांनी टाकीवरून हात फिरवला. मी म्हणालो, "मालनचा गुडघा पण तिथलाच होता. मला ठाऊक न्हवतं."

"मालीचा?" तात्या म्हणाले. "गेल्या साली देवळाच्या पायऱ्या चढली ती त्याच्यावर? मी मधल्या पायरीला बसलो, आन् पोरगी वर जाऊन, नारळ फोडून, मला परसाद घेऊन खाली आली."

"त्याच्यावरच."

"मग देस चांगला असणार," तात्या म्हणाले.

मी तेलाच्या टाकीचं झाकण काढलं आणि त्यांना वाकून बघायला सांगितलं. त्यांना दिसलं की नाही कुणास ठाऊक. पण ते बराच वेळ वाकून होते. हिंदुरावानंही बघितलं.

दुपारी मी आणि हिंदुराव शेतात गेलो. आंब्याच्या रोपाला चार नवी पानं फुटली होती, तांबूस. हिंदुरावानं खुरपं दिलं. मी वीतभर खड्डा घेतला, खणाची गाठ सोडली आणि गुडघा हातात घेतला. अंगठा कडेवरून फिरला. मग मी खड्डा परत बुजवला.

"काय झालं दाजी?" हिंदुरावानं विचारलं. "पुरायचा न्हवं?"

"न्हाई," मी म्हणालो. "चांगला पार्ट हाय. मातीत कशाला घालायचा."

तो अजून गाडीच्या पिशवीत आहे. म्हाई एकदाही चुकलेली नाही. मधल्या काळात गाडीची साखळी गेली, ती जपानची लावली. बेअरिंग तुटलं, नवं कुठलं आहे ते मी बघितलंसुद्धा नाही. माप बघितलं, बसलं.